चौथीला घरी आणलं तेव्हा

2 जुलै, रात्र

आज फार काही झालेलं नाही. चौथीला, म्हणजे आमच्या चिमी कुत्रीच्या चौथ्या पिल्लाला, इंजेक्शन देऊन आणलं, पावसात रिक्षा मिळायला वेळ लागला, घरी आले. एवढंच. तरी संध्याकाळपासून घशाशी काहीतरी अडकून बसलंय. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो समोर गार झाला. म्हणून लिहायला बसले.

चौथीचा शेवटचा डोस जुलाबामुळे मागे पडला होता. बाकी तिघांचं रविवारी उरकलं, डॉक्टर घरी येऊन गेले तेव्हा. आज तिचं पोट जरा ठीक दिसलं, म्हणून दुपारी तिला एकटीलाच घेऊन निघाले. आधी चौघांना एकत्र भाजीच्या क्रेटमध्ये नेलं होतं, खाली गोधडी, वर जाळी. एकटीसाठी क्रेट कशाला, म्हणून माळ्यावरून चिमीचा निळा पिंजरा काढला. पुसला. पुसताना आत फार बघितलं नाही.

दवाखान्यात तासभर गेला. वजन 2 किलो 50 ग्रॅम. टोपीचं रविवारी 2 किलो 800 भरलं होतं. परत येताना पोवई नाक्यावर बराच वेळ उभं राहिल्यावर एक रिक्षा थांबली. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत, पाचवीत. गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि आवाज आला. तिघं रडत होती. त्यांचं भुंकणं मला पाठ आहे, टोकदार, सुई टोचल्यासारखं. हे तसं नव्हतं. हेल काढून चाललं होतं, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. एवढा पाऊस, तरी त्याच्यावरून ऐकू येत होतं. रिक्षावाला म्हणाला, "बाई, तुमचीच वाट बघाय लागल्यात."

मी "हो" म्हणाले.

तो "हो" मला आता छळतोय. किती आनंदाने म्हणाले मी तो.

कुलूप काढताना किल्ली उलटी लागली, इतकी घाई. "आले रे, आले गं," असं दाराबाहेरूनच चाललेलं माझं. दार उघडलं. टोपी सगळ्यात पुढे. माझ्या पावलावर पाय देऊन तिने जी उडी मारली ती थेट पिंजऱ्याच्या जाळीवर. मागून गोटी, मागून बंड्या. बाहेरून तिघांची नाकं आणि आतून चौथीचं. दार काढलं, तर ती बाहेर यायच्या आधी हे तिघं आत घुसले. मग तिचे कान, तोंड, शेपटीखाली, सगळं हुंगून झालं. बंड्याने मानेवरची सुई टोचलेली जागा शोधून काढली आणि तिथेच नाक लावून राहिला. मग चौघं एका झुंडीने माझ्या आईच्या खोलीत पळाली. मी दारात. छत्रीचं पाणी फरशीवर गळतंय. कुणी वळून बघितलं नाही.

हे एवढंच झालं. लिहिल्यावर आणखीच लहान दिसतंय.

पण मला राग आला होता, हेही लिहून ठेवते. तीन महिन्यांच्या पिल्लांचा राग. मनात हिशेब सुरू झाला, जो कधी करायचा नाही असं ठरवलं होतं. 1 मेला ही 22 दिवसांची होती. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, एक दवाखाना बंद, दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचलेना. लहान जातीच्या कुत्रीला पिल्लं जास्त झाली की दुधावाटे कॅल्शियम निघून जातं, झटके येतात, वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिलं तर वाचते, हे सगळं मला 2 मेला कळलं. त्या दुपारी आणखी एकाला फोन केला होता. जाऊ दे.

त्यानंतर रात्री अकरा, तीन आणि पहाटे सहा. पावडरचं दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा. पिल्लाला पालथंच धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. बाटलीचं निपल तोंडात गेलं की पुढचे दोन्ही पंजे बाटलीला मळायला लागतात, जसे आईच्या पोटाला मळतात. गोटीला आणि चौथीला अजून ओल्या कापसाने पुसल्याशिवाय शू होत नव्हती. ते मला कुणी शिकवलं नाही, चिमीला चाटताना बघितलं होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौघांची वजनं, आणि ती पंचांगाच्या पानावर. टोपी म्हणजे डोक्यावर तपकिरी टोपी. गोटी गोल होती म्हणून. बंड्याचं नाव सांगायची गरज नाही. चौथीला मी नाव ठेवलंच नाही. तिचं वजन चार दिवस हललं नव्हतं आणि नाव ठेवायचा धीर झाला नाही. मग हाक मारायला काहीतरी हवं म्हणून चौथी, ते तसंच राहिलं.

तर एवढं केलं आणि ती माझ्यासाठी रडत नव्हती. हे वाक्य मी संध्याकाळपासून मनात घोळवतेय. दर वेळी लागतंच.

दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, कुत्री आहेत ती. मग घराचा विषय काढला. मी ठेवला फोन.

खरं म्हणजे मला हे आधी कळायला हवं होतं. जूनच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका वेतातली पिल्लं एकत्र वाढली की ती एकमेकांचीच होतात. माणूस म्हणजे त्यांना ताटली ठेवणारा हात. म्हणून रोज प्रत्येकाला वेगळं काढा, दहा-पंधरा मिनिटं का होईना. तेव्हापासून माझं वेळापत्रक आहे. पहाटे पाचला बंड्या परसात, मग टोपी गच्चीवर, मग मी सकाळच्या शाळेला. दुपारी गोटी. चौथी संध्याकाळी, माझ्या मांडीवर, कारण तिला पायऱ्या जमत नव्हत्या. एकाला बाहेर काढलं की आत तिघांचा कालवा. मावशी म्हणतात, बाई, तुम्ही त्यांच्यात भांडणं लावताय का मिटवताय?

भांडणं आहेतच. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तिघांनी मिळून चौथीला कोपऱ्यात घेतलं. खेळच होता सुरुवातीला. मग तिचा आवाज बदलला आणि बाकीच्यांचाही. टोपीने तिचा कान धरला तो सोडेना. मी हात घातला, मला दोन दात लागले. दुधाचे दात सुईहून बारीक असतात, रक्त लगेच येतं. त्या रात्री बसून वाचलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून पाहिली, निष्कर्ष 1965 साली प्रसिद्ध केले. त्यांच्याकडच्या पाच जातींत फॉक्स टेरियर होते, आमच्या जॅक रसेल टेरियरचे चुलत नातेवाईक. नेमकी तीच पिल्लं एकत्र होऊन एकावर तुटून पडायची, वेगळी करावी लागायची. वाचून मला बरं वाटलं. म्हणजे माझं काही चुकत नव्हतं, तो त्यांच्या रक्तातला भाग होता.

पण त्याच दोघांनी हेही मांडलं की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत पिल्लू आपलं कोण ते ठरवतं. तिसरा आठवडा म्हणजे 1 मे. आणि आज बारा पूर्ण झाले. मी सकाळी कॅलेंडरवर बोटाने मोजलं होतं. दार काही एका रात्रीत बंद होत नाही, ते मलाही कळतं. पण आजच्याच दिवशी ती माझ्या पायावरून पलीकडे उडाली.

आणि एक विचार येतोय तो लिहायला नको वाटतंय. मी त्यांना वेगवेगळं काढते ते त्यांच्या भल्यासाठी, हे खरंच आहे. पण प्रत्येकाने माझ्याकडे वळून बघावं म्हणूनही काढते का? गच्चीवर टोपी एकटी असते तेव्हा माझ्या टाचेला लागून चालते. खाली आली की तिला मी दिसत नाही. ती पंधरा मिनिटं मला दिवसभर पुरतात. हे बरोबर आहे का, मला माहीत नाही.

आत्ता वीज गेली होती, दहा मिनिटांनी आली. परसात कुणीतरी खड्डा केलाय दुपारी, कढीपत्त्याच्या बुंध्याशी, कोपरभर खोल. घूस आहे तिथे, मलाही माहीत आहे. टेरियर या नावातच माती आहे, लॅटिनमधली. ज्या पाद्रीबुवांच्या नावाने ही जात ओळखली जाते त्या जॉन रसेल यांनी 1819 साली ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली. कोल्ह्याच्या बिळात शिरायला अशीच कुत्री हवी, ही त्यांची हौस. आमच्या दूधवाल्याला ही गोष्ट सांगितली, तेव्हापासून तो रोज फाटकाशी एक मिनिट जास्त थांबतो. पण पावसाळ्यात घुशीच्या बिळाशी तोंड म्हणजे मला लेप्टोची, उंदीर-घुशींच्या लघवीतून होणाऱ्या आजाराची, धास्ती. उद्या तिथे फरशीचा तुकडा बसवायला हवा. चौथी खड्ड्याच्या काठावर नुसती उभी असते, बाकीचे उकरतात, माती तिच्या अंगावर येते आणि तिला ते चालतं.

नऊ वाजता एक गोष्ट केली. छत्री घेतली, दार ओढून घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ऐकायला. मी एकटी गेले तर रडतात का, ते बघायला. झिमझिम चालू होती, अजिंक्यतारा ढगात गेलेला, वरचे दिवेही दिसत नव्हते. पाच मिनिटं, मग दहा. आतून हूं की चूं नाही. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, कुणाची वाट बघताय का. नाही म्हणाले.

आत आले तर चौघं एकमेकांवर रचून झोपलेली. टोपीने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा फरशीवर आपटली, डोळा मिटला.

तिथे उभी असतानाच आठवलं. शाळा उघडली त्या आठवड्यात ही रडली होती. माझ्यासाठीच. सगळी मे महिन्याची सुट्टी मी चोवीस तास घरात होते आणि एकदम सकाळी दिसेनाशी झाले. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, ऐकवत नव्हतं हो. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, आज गप होती. मी तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती. बाई जाते आणि एक वाजता येते, हे त्यांना कळलं होतं. आज पंधरवडा होऊन गेला, मी कुलूप लावते तेव्हा कुणी मानही उचलत नाही.

चौथी मात्र एकटी कधी गेलीच नव्हती. गेली ती परत येते, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आणि चिमी गेली ती त्या पिंजऱ्यातून.

नाही, त्यांना ते आठवत नाही. 22 दिवसांची होती, डोळे नीट ठरलेले नव्हते. प्लास्टिकला दोन महिन्यांनी वासही उरला नसेल, मी फिनेलने धुतला होता. ते मी त्यांच्यावर लादू नये. आठवलं ते मला. दुपारी पुसताना मी आत बघितलं नाही ते याचसाठी. दवाखान्यात चौथीला टेबलावर ठेवल्यावर माझा हात तिच्या पाठीवरून निघेना, डॉक्टर म्हणाले, मॅडम, सोडा, मला टोचायचंय. रिक्षात मी दर दोन मिनिटांनी जाळीत बोट घालून बघत होते. तिने बोट चाटलं की मग बाहेर बघायचे. तेव्हा घरी तिघं रडत होती आणि इकडे मी तेच करत होते.

म्हणजे ती माझ्यासाठी रडत नव्हती हे खरंच. पण आम्ही सगळे एकाच गोष्टीसाठी वाट बघत होतो. मी दार उघडलं तेव्हा मीही आधी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, पिंजरा खाली कुठे ठेवायचा तेच बघत होते. हे आत्ता, लिहिताना आठवतंय.

रविवारी बंड्या कराडला जाईल, गोटी पुण्याला. माणसं चांगली आहेत, दोनदा येऊन गेलीत. टोपी आणि चौथी दोघींना ठेवायचं मी ठरवलंय, आणि डॉक्टरांना ते पसंत नाही. टेरियर बहिणी मोठ्या झाल्यावर पटेलच असं नाही म्हणतात. कान धरलेला मीही पाहिलाय. पण आज जाळीवर उडी मारणारी टोपीच होती. वेगळ्या खोल्या, वेगळ्या ताटल्या, वेगळं फिरणं, सगळं करेन. वेळापत्रक चालूच राहील. नाही जमलं तर तेव्हा बघू. बंड्या जाईल त्या दिवशीचं आत्ता लिहीत नाही.

पिंजरा परत माळ्यावर टाकणार होते. मग वाटलं, बंड्या आणि गोटी यातूनच जातील, उचलून कोंबण्यापेक्षा त्यांची ओळख झालेली बरी. जाळीचं दार काढलं, आत आईच्या साडीची गोधडी घातली, थोडं भिजवलेलं खाणं टाकलं आणि आईच्या खोलीत मधोमध ठेवला. बंड्याने आधी गोधडी बाहेर ओढली. मी परत घातली, त्याने परत ओढली. तिसऱ्यांदा राहू दिली. आत्ता साडेअकरा. आत गोटी आणि चौथी आहेत, एकीचं तोंड दुसरीच्या मानेवर. दार कपाटावर ठेवलंय, त्याच्या दोन पिना हळदकुंकवाच्या डबीत.

पाचला बंड्या. उठायला हवं.