नाक सरळ काढलं तर किंमत येत नाही

जत तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी मॅडमकडे. कलाशिक्षक आमच्या वाट्याला येणार नाही, हे उघड होतं. शिक्षण हक्क कायद्यात कलेचा अंशकालीन निदेशक फक्त सहावी ते आठवीला, तोही पट १०० च्या वर असेल तर. म्हणजे चित्र, गाणं, नाच, नाटक सगळं आम्हा दोघांवर.

वेळापत्रकात कला शेवटच्या तासिकेला होती, आणि ऑनलाइन माहिती भरायची निकडही नेमकी तेव्हाच निघायची. मी ती तासिका मधल्या सुट्टीच्या आधी घेतली. त्या वेळी पोरं ताजी असतात, आणि माहिती मागणारेही जरा शांत असतात.

पहिली अडचण देखाव्याची. 'चित्र काढा' म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाचं झाड. आमच्याकडे नदी नाही, नारळ तर देवापुढं फोडायला दुकानातनं आणायचा. म्हणून फळ्यावर नमुना काढायचाच नाही आणि विषय 'घरनं शाळेत येताना काय दिसलं' एवढाच, असं ठरवलं. पहिल्यांदा कागद कोरेच राहिले. मग पवनचक्क्या आल्या, बोअरची गाडी आली, आणि मेंढरं आली. आमच्या भागातली माडग्याळ मेंढी म्हणजे पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. एकानं शेजाऱ्याचं चित्र ओढून घेतलं आणि म्हणाला, "सर, ह्यानं नाक सरळ काढलंय. असल्या मेंढराला बाजारात किंमत येत न्हाई." निरीक्षण यापेक्षा वेगळं काय असतं?

रंगपेट्या महिन्यात संपतात, त्यातही काळा आणि हिरवा आधी. मग गेरू, कोळशाची पूड, चुना आणि हळद वापरायला लागलो. रात्रभर भिजवलेला बाभळीचा डिंक त्यात कालवला की रंग कागद धरतो, नाहीतर वाळल्यावर झडून जातो. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली कडुलिंबाची काडी. तोंडं कडू झाली, पण कोणी काडी सोडली नाही. हळदीत चुन्याची निवळी पडली आणि वाटीतला पिवळा रंग लालभडक झाला, तेव्हा वर्ग उभाच राहिला. वर लिंबू पिळलं तर परत पिवळा. त्या दिवशीचा परिसर अभ्यास तिथंच झाला.

नाटकासाठी पुस्तकातला उतारा घेतला असता तर पोरांनी तो पाठ म्हणून दाखवला असता. आम्ही 'टँकर आला' केलं. ड्रायव्हर व्हायला सगळे तयार, रांगेत उभं राहायला कोणी नाही. एकजण पाईप झाला आणि सगळ्या अंगानं वळवळत राहिला. "आगं ए, माजी घागर म्होरं हाय!" हे मी शिकवलेलं नव्हतं. ते संवाद पोरांच्या तोंडून निघाले तसेच फळ्यावर लिहिले आणि वाचायला लावले. वाचनात अडखळणारी दोघं-तिघं ते घडाघडा वाचत होती, कारण पुढचं वाक्य त्यांना माहीत होतं. बोली शुद्ध करून लिहायची, असा आग्रह काहीजण धरतात. मला तो पटत नाही.

सगळ्यात चिवट काम नोंदींचं. कला विषयाला लेखी परीक्षा नाही, सगळं आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर पोराचं काम बघत नोंदी ठेवायच्या आणि त्यावरून श्रेणी द्यायची. त्यामुळे वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि 'चित्र सुबक रेखाटतो' हे वाक्य सगळ्या शाळांत सापडतं. मी तारीख घालून एकच दिसलेली गोष्ट लिहायला लागलो: 'काळा संपल्यावर कोळसा व गेरू मिसळून मेंढीचे ठिपके रंगवले.' एका पोराच्या अशा चार-पाच नोंदी झाल्या की श्रेणी देताना विचार करावा लागत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'एवढं कशाला लिहिता' म्हणून विचारलं, पण सही केली.

यंदा गाणं-नाच नीट बसवायचाय. एका पोराचे आजोबा ओव्या म्हणायला आणि ढोल घेऊन यायला तयार आहेत. भिंतीपलीकडं त्याच वेळी मॅडमचं गणित असतं, एवढंच अजून जमवायचं आहे. मॅडम म्हणतात, पाढे ढोलावर घ्या.