चपलांपाशी कोण थांबणार?

गड आणि देऊळ एकाच सहलीत घेऊ नये, असं माझं जुनं मत आहे. त्याचा इतिहासाशी संबंध नाही आणि धर्माशी तर नाहीच. भानगड बुटांची आहे. गडावर ते लागतात, देवळात काढावे लागतात. दिवसभर वाकून नाड्या सोडायच्या आणि वाकून नाड्या बांधायच्या. संध्याकाळी हिशेब मांडला तर देवापुढे जेवढे वाकलो त्याच्या दुप्पट स्वतःच्या पायांपुढे वाकलेलो असतो.

परवा दुपारी वरच्या मजल्यावर वास्तुशांत होती. लिफ्टचं दार उघडलं तर समोर चपलांचा हा एवढा ढीग, आणि ढिगाशेजारी जिन्याच्या पायरीवर एक पोरगा मोबाइल घेऊन बसलेला. "आत नाही गेलास?" म्हटलं. "नाही काका, मी बसलोय चपलांपाशी," म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला. खाली वॉचमन, गेटवर कॅमेरा, चौथ्या मजल्यावर चपला न्यायला येणार कोण? पण त्याला आत जायचं नव्हतं आणि कारण सापडलं होतं. मला आमचा देसाई आठवला.

कॉलेजात असतानाची गोष्ट. आम्ही सांगलीला होतो. गॅदरिंग उरकलं होतं, परीक्षा लांब होती आणि सुन्याच्या मामांची मारुती व्हॅन शनिवार-रविवार मोकळी होती. मामांची खानावळ. व्हॅनमधून आठवडाभर डबे जायचे, त्यामुळे मागची सीट काढून टाकलेली आणि आतल्या पत्र्याला सुद्धा आमटीचा वास. पुढे दोघं, मधल्या सीटवर तिघं आणि डब्यांच्या जागी दोघं, अशी सात जणांची मांडणी होती. डब्यांच्या जागी बसणाऱ्याला ब्रेक लागला की मधल्यांच्या मानेला धरावं लागे. बेत असा, की शनिवारी नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर, मुक्काम कोल्हापुरात, रविवारी पन्हाळा आणि जोतिबा. पत्कीने तो वहीच्या पानावर वेळांसकट लिहिला होता. ते पान शिरोळच्या आधीच खिडकीतून उडालं.

वाडीला उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न उभा राहिला, चपलांपाशी कोण थांबणार? पैसे घेऊन चपला सांभाळणारे होते, पण सात जोड्यांचे पैसे म्हणजे दोन-तीन चहा बुडाले. देसाई म्हणाला, "जावा तुम्ही. मी खिंड लढवतो."

आमच्या आजीची यावर वेगळीच तोड होती. नवी चप्पल असली की ती पिशवीत घालायची, पिशवी काखेत मारायची आणि तशीच गाभाऱ्यापर्यंत जायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "देवाला कळतंय सगळं. चोराला कळायला नको." देसाईची पद्धत अशी नव्हती, त्याची शिस्त होती. एका जोडीतला एक बूट इकडे, दुसरा पार तिकडे. नाड्यांचे बूट एकमेकांना बांधलेले, पण वेगवेगळ्या मालकांचे. सुन्याचा डावा पत्कीच्या उजव्याला. चोराने उचलले असते तरी घरी जाऊन डोक्याला हात लावला असता.

वाडीच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की औदुंबराखाली मनोहर पादुका. मूर्ती नाही, पादुकाच. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले आणि गाणगापूरला निघताना या पादुका मागे राहिल्या. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी थेट आत शिरून पादुकांवरून वाहतं, आणि लोक त्यात स्नानाला गर्दी करतात. आम्ही गेलो तेव्हा नदी शहाण्यासारखी खाली होती. रांगेत मी बंड्याला म्हटलं, "गंमत बघ, पायातलं बाहेर काढून आपण पायांच्याच दर्शनाला आलोय." बंड्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेली रांग गप्प उभा राहिलो.

वर आलो तर देसाईने समोरच्या पेढेवाल्याशी ओळख काढली होती. त्याच्या मेव्हण्याचं गाव देसाईच्या आत्याच्या गावाशेजारचं निघालं. आम्ही दर्शन घेईपर्यंत त्याची कवठाची बर्फी आणि बासुंदी दोन्ही चाखून झाली होती, तीही फुकट. "काय होतं आत?" त्याने विचारलं. आम्ही सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्नही विचारले.

खिद्रापूरला पोचायला मात्र दुपार टळली. उसाचा हंगाम, रस्ताभर बैलगाड्या. कुरुंदवाड, सैनिक टाकळी करत, गाड्यांच्या मागे रखडत गेलो. कृष्णेकाठचं साधं गाव, आणि एकदम समोर कोपेश्वर. शिलाहारांचं काम. दाराशी देवगिरीच्या यादव सिंघणाचा 1214 चा शिलालेख आहे, तो पत्कीने बोट फिरवून वाचल्यासारखा केला. खाली हत्तींची रांगच रांग, सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी. पण खिद्रापुरात बघायचा तो स्वर्गमंडप. बारा खांबांनी वर गोल तोललेला, आणि त्या गोलाला छत नाही. पडलंबिडलं नाही, ठेवलेलंच नाही. बरोबर खाली तशीच गोल, गुळगुळीत शिळा. बंड्या सरळ तिच्यावर उताणा झाला. मग आम्हीही आजूबाजूला माना वर करून उभे राहिलो. आभाळाचा तेवढा एकच गोल तुकडा, कडेला कोरलेले दिक्पाल, आणि मधून एक घार गेली ती एका काठावरून शिरून दुसऱ्या काठाने बाहेर. बंड्या म्हणाला, "गेली." पुजारी ओरडेपर्यंत तो उठला नाही.

या देवळापुढे नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला निघाली ती नंदीवर बसून, म्हणून नाही. तिथे जे झालं त्याने महादेव कोपला, तो कोपेश्वर. विष्णूने समजूत काढली, तो धोपेश्वर. रागावलेला आणि समजावणारा, दोघांच्याही पिंडी एकाच गाभाऱ्यात. नंदी नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला आहे म्हणतात. आता शंकराच्या देवळात बाहेर बसून राहायचं काम कायमचं नंदीकडे. इथली जागा रिकामीच होती, आणि आम्ही बाहेर आलो तर देसाई दारासमोर, पाय पोटाशी घेऊन, चपलांच्या गोतावळ्यात बसलेला. बंड्याने वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानात सांगितलं, "गणिताचा एम-थ्री पेपर सुटू दे." सुटला नाही.

छत नसलेल्या मंडपाचं आम्ही देसाईला सांगितलं ते त्याला काही पटेना. "पडलं असेल रे. नाहीतर पैसे संपले असतील." बंड्या म्हणाला, "लेका, चार पावलांवर आहे, जाऊन बघ की." देसाईने उन्हाकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं. "राहू दे. उशीर होईल." पत्कीच्या वहीत वेळ लिहिलेली होती तोपर्यंत आम्हाला उशीर होत होता, पान उडाल्यावर कसला उशीर? पण तो उठला नाही.

कोल्हापुरात शिरताना टायर बसला. सुन्या आणि देसाई चाक घेऊन पंक्चर काढायला गेले, आणि उरलेल्यांनी तेवढ्यात रस्त्याकडेच्या एका देवळात जाऊन यायचं ठरवलं. नाव सांगत नाही, देवाचा काही दोष नव्हता. राखणीला बंड्या. बाहेर आलो तर पत्कीचे बूट गायब, आणि बंड्या "आत्ता तर इथेच होते" म्हणत चपलांच्या ढिगात पायाने शोधतोय. नवे बूट, दिवाळीत घेतलेले. सगळ्यांनी मिळून पत्कीला सांगितलं की साडेसाती गेली, पीडा टळली. पत्की म्हणाला, माझी साडेसाती अजून लागलीच नव्हती.

मग रात्री चप्पल लाइन. वर्गणी काढून पत्कीला कोल्हापुरी चप्पल घेतली. दुकानदाराने कौतुकाने वाकवून दाखवली, कर्रकन वाजवून दाखवली, आणि "रोज थोडं थोडं तेल लावा, मग पायात बसंल" असं बजावलं. रोज थोडं थोडं कुठलं? सकाळी पन्हाळा होता.

नवी कोल्हापुरी चावते ती अंगठ्याच्या मुळाशी आणि पट्टा घासतो तिथे, बाहेरच्या बाजूला. तीन दरवाज्यापर्यंत पत्की इतिहास सांगत होता, अंधार बावपर्यंत तो मुद्द्यांवर आला, आणि अंबरखान्यात शिरलो तेव्हा तो फक्त चालत होता. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ती धान्याची प्रचंड कोठारं. आत अंधार, गारवा आणि आवाज घुमतो. तिथे सगळे आपापलं नाव ओरडून बघतात. आमच्या वाट्याला दगडी कमानींखालून फिरून येणारं कर्र, कर्र, कर्र आलं. 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये पोरं अगदी अशाच चपला घालून चालली, कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता, आणि इकडे केवढा गहजब झाला. पत्कीने ग्रुपवर तो फोटो टाकून एवढंच विचारलं, "यांना चावल्या नसतील का?"

गडावर मात्र देसाई सगळ्यांच्या पुढे असायचा. बुरुजांवर उड्या मारत जायचा. पुसाटी बुरुजावर आम्ही टेकलो, पत्कीने चपला काढल्या, आणि पाय मोकळे झाल्यावर त्याचा इतिहास पुन्हा सुरू झाला. सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने. राजापूरच्या इंग्रजांनी येऊन तोफा डागल्या, त्याची वसुली महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरात केली. मग 1660 च्या जुलैमधली ती पावसाची रात्र. महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला. जवळच्या नेबापूरचा, न्हावी समाजातला, चेहरा महाराजांसारखा. तो पकडला जाणार हे ठरलेलंच होतं. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले. हे सगळं शाळेत पाठ झालेलं असतं, पण तिथे बसून पश्चिमेचे डोंगर दिसतात, आणि हे अंतर, हा चिखल, ती रात्र असं एकदम अंगावर येतं. मला आपलं भलतंच वाटत राहिलं, की एवढ्या माणसांच्या पायात त्या रात्री काय होतं? का काहीच नव्हतं? पत्कीला विचारलं. त्याने आपल्या पायांकडे बघितलं. "हे नसणार," म्हणाला.

देसाई बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पालखीत बसताना त्याला कुणी तरी विचारलं असेल ना, की बसतोस का?" पत्कीकडे याचं उत्तर नव्हतं. मग झुणका-भाकरीवाल्या मावशींनी हाक मारली, आणि मडक्यातल्या दह्यावर आम्ही तुटून पडलो.

जोतिबाला पोचलो ते भर दुपारी. माघातले खेट्यांचे रविवार, कोल्हापुरातून अनवाणी चालत आलेली माणसं, हवेत गुलाल, सगळीकडे चांगभलं. देसाई म्हणाला, "थांबतो मी." नुसतं थांबतो. खिंडबिंड काही म्हणाला नाही. आमच्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही, कारण फरशी तापली होती. ज्याने दुपारी एकला दगडी आवारात अनवाणी पाय ठेवलाय त्याला सांगायला नको. पहिली चार पावलं भक्तीने पडतात, पुढची सगळी नाचत. भिंतीच्या सावलीतून दीपमाळेच्या सावलीत, तिथून पाणी मारलेल्या काथ्याच्या पट्टीवर. आणि शेजारून एक म्हातारी, पहाटेपासून चालत आलेली, डोक्यावर पदर, हातात नारळ, त्याच दगडावरून बाजारात चालावं तशी चालत गेली.

परत आलो तर आमच्या चपला-बुटांवर गुलालाचा थर, आणि देसाईच्या शेजारी दुसऱ्यांच्या चपलांची आणखी तीन ढिगुळं. लोक विश्वासाने ठेवून गेले होते. तो म्हणाला, आत जाताना माणसं वर बघत जातात आणि बाहेर येताना खाली बघत येतात. दर्शन कसं झालं ते तोंडावर कळत नाही, चप्पल सापडली की कळतं. आणि काका लोक हातांनी शोधत नाहीत, पायानेच चाचपतात. पाय बरोबर ओळखतो. माझे मोजे पुढे वर्षभर गुलाबी राहिले.

आता पुन्हा तीच सहल काढायचं चाललंय. व्हॅन नाही, दोन मोठ्या गाड्या, त्यातल्या एकीला ड्रायव्हर हवा की नको यावर वाद. ग्रुपवर सुन्याने तारखांचं मतदान लावलं, तर बंड्याने तिन्ही तारखांना होकार देऊन ठेवला आणि नंतर कळवलं की त्या आठवड्यात तो बंगळूरला आहे. मग कुणीतरी थट्टेने दुसरं मतदान लावलं, चपलांपाशी कोण थांबणार? एकाचे गुडघे, एकाची कंबर, एकाला उन्हाचा त्रास. दहा मिनिटांत सगळे हात वर. एकटा देसाई सोडून. त्याने रात्री उशिरा लिहिलं, "मला खिद्रापूर आतून बघायचंय."

त्याच्याखाली सुन्याने पत्कीच्या वाढदिवसाचा केक टाकला, मग सगळ्यांनी केक टाकले, आणि तारीख तशीच राहिली.