निधी एक, डिजिटल तीन

शासनाच्या निधीतून कोल्हापुरातल्या पेठेत काही करून घ्यायचं असेल तर दोन फायली चालवाव्या लागतात. एक सरकारी, तिच्यावर आवक क्रमांक असतो. दुसरी श्रेयाची. तिच्यावर काहीच नसतं, पण ती अडली की पहिलीही अडते. आमच्या तालमीच्या हॉलवर स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका चढवताना दोन्ही मीच सांभाळल्या. सेक्रेटरी मी, त्यामुळं शिव्याही मलाच.

आधी पैसा कुठला ते ठरवायचं. खासदारांना वर्षाला ५ कोटी आणि आमदारांनाही ५ कोटी. पण कोल्हापूर लोकसभेत चंदगडपासून कोल्हापूर उत्तरपर्यंत सहा विधानसभा येतात, तेव्हा खासदार निधीतलं एका पेठेला किती मिळणार याचा हिशेब कट्ट्यावरच झाला. आमदार निधी धरला. महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक होते आणि नगरसेवक सगळे माजी, त्यामुळं तो रस्ता सोडला.

आमदारांचं शिफारस पत्र म्हणजे मंजुरी नव्हे, हे किती जणांना सांगितलं असेल! पत्र जिल्हा नियोजन कार्यालयाकडं जातं. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी वर्क ऑर्डर. जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, येऊन टेप लावून गेला, जुन्या भिंती मजला पेलतील याचा दाखलाही मिळाला. घाम फुटला तो प्रॉपर्टी कार्डावर. वहिवाट तालमीची, पण मालकी महापालिकेची. खासगी जागेवर हा निधी टाकता येत नाही, म्हणून जागा सार्वजनिक आहे हे आम्हालाच उतारा जोडून दाखवायचं होतं. जुन्या मंडळींना ते झोंबलं. ‘‘तालीम आमच्या आज्ज्यानं उभी केली आन् कार्डाला नाव म्हापालिकेचं? सही करू नगंस,’’ असं एकानं भर मिटिंगीत सुनावलं. त्या नावामुळंच पैसे मिळतायत, हे गळी उतरवता उतरवता रात्र झाली.

इकडं शिफारस पत्र मिळालं त्याच संध्याकाळी चौकात पहिलं डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स, झळकलं होतं. आमदारांचा हसरा फोटो आणि खाली ‘भरघोस निधी मंजूर’. मंजूर अजून एक रुपया नव्हता. लगोलग समोरच्या खांबावर माजी नगरसेवकांचं आलं, ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. ना हरकत दाखल्याचा कागद त्यांच्या एका फोनवर टेबल सोडून पुढं सरकला होता. तिसरं विरोधी गटाच्या कारभाऱ्यांचं. त्यांनी नेमकं काय केलं ते मला आजही ठाऊक नाही. बहुतेक विरोध केला नाही, आणि आमच्या पेठेत तीही मदतच धरतात.

मला श्रेयवादाचा राग येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर नाव लागणार नसेल तर एवढ्याशा कामासाठी कोण फोन करणार? फक्त कुणी काय दिलं ते कागदावर असावं. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात योजना, रक्कम आणि काम करणारी यंत्रणा लिहिलेली असते. त्याची झेरॉक्स मी तालमीच्या नोटीस बोर्डावर लावली आणि कुणी विचारलं की तिकडं बोट दाखवायचो.

खरा पेच नारळाचा झाला. २०२४ चा ऑक्टोबर, विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल अशी हवा. वर्क ऑर्डर हातात असली तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर निवडणूक होईपर्यंत ते सुरू करता येत नाही. तिन्ही गटांना नारळ आपल्याच हातानं हवा होता. ठेकेदार वैतागून म्हणाला, ‘‘कुणी बी फोडा साहेब, पर फोडा.’’ शेवटी वस्तादांनी निकाल दिला. कुदळ आमदारांनी मारायची, नारळ माजी नगरसेवकांनी फोडायचा आणि पत्रिकेत कारभाऱ्यांचं नाव ‘प्रमुख उपस्थिती’त. कोनशिलेवर मात्र योजनेचं नाव वर, माणसांची खाली. पाहुणे गाडीत बसले तसे आम्ही गच्चीवरचे पत्रे उतरवायला घेतले आणि जेईसमोर तारखेचे फोटो काढले, कारण नुसती कुदळ मारली म्हणून काम सुरू झालं असं कुणी धरत नाही.

१५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. डिजिटल उतरली, कोनशिलेवरची नावं कागद चिकटवून झाकली गेली. आमचं गवंडीकाम चालू राहिलं.

लोकार्पणाला तिन्ही गट आले, फेटे बांधले, फोटो झाले. देखभाल तालीम करेल असं हमीपत्र आम्ही प्रस्तावालाच जोडलं होतं, त्यामुळं विजेचं मीटर तालमीच्या नावावर. पहिलं बिल घेऊन मी तिघांकडंही जाऊन आलो. चहा सगळीकडं झाला. आता बसणाऱ्या पोरांकडून महिन्याला थोडी वर्गणी घेतो आणि कमी पडलं तर गणपतीच्या शिलकीतून भरतो.