दोन ते चार

नातवाला कणकण वाटत होती म्हणून परवा दुपारी सुनेनं थर्मामीटर काढला. काखेत धरला, पीप वाजलं, आकडा दिसला, झालं. तेवढ्यात मी मात्र तोंड घट्ट मिटून बसलो होतो. ही माझी जुनी खोड. थर्मामीटर कुणाच्याही हातात दिसो, माझी जीभ वर चिकटते.

१९६८ साली माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला. क्षय. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून वडिलांशी बोलणं केलं आणि दिवाळी संपते न संपते तोच पसरणीचा घाट चढून माझी रवानगी पाचगणीच्या एका सॅनिटोरियममध्ये झाली. वय वर्षं नऊ. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली तिथे बेल एअर सॅनिटोरियम काढलं, तेव्हापासून छातीच्या पेशंटांना पाचगणीची हवा म्हणजे अर्धं औषध, असं सगळेच धरून चालत. उरलेलं अर्धं म्हणजे कमरेत स्ट्रेप्टोमायसिनची सुई आणि पी.ए.एस. नावाचं पोटात घ्यायचं औषध. त्या पी.ए.एस.बद्दल न बोललेलंच बरं. घशाखाली उतरायच्या आधीच ते परत यायला निघे.

सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यातल्या खाटांवर आम्ही पोरं जिभेखाली पारा धरून बसायचो. सिस्टर घड्याळ बघत फिरायच्या. मग खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर टिंब, टिंबाला टिंब जोडून रेघ. शेजारच्या मुलाची रेघ माझ्यापेक्षा उंच गेली की मला त्याचा हेवा वाटायचा. ताप जास्त म्हणजे मार्क जास्त, असा माझा हिशेब.

आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. इथे रोज सकाळी दुधात फेटलेलं कच्चं अंडं. वडिलांनी बजावलं होतं, 'औषध म्हणून घ्यायचं, आजीला सांगायचं नाही.' मी औषध म्हणून दुसरा पेला मागायला लागलो.

आणि दोन ते चार. जेवणानंतर घंटा झाली की उताणं पडायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवर वळलं तरी सिस्टरांची नजर. खिडक्या सताड उघड्या, थंडी असो की वारा. पुणेकरांच्या एक ते चारला लोक हसतात, पण ते निदान झोपतात तरी. आम्ही जागेच. बाहेरच्या सिल्व्हर ओकची पानं वाऱ्यावर उलटली की खालची चांदी दिसायची, सुलटली की हिरवं. उलटं-सुलटं मोजता मोजता शेजारच्याशी बोटांनी बोलायची एक भाषाच आम्ही काढली होती. अंगठा आडवा म्हणजे सिस्टर आल्या. करंगळी म्हणजे मला घरी जायचंय. ही खूण कुणी केली तर बाकीच्यांनी दुसरीकडे बघायचं, असा नियम होता. कुणी केला, आठवत नाही.

पुढे कधीतरी मद्रासला क्षयाच्या पेशंटांवर झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. सगळ्यांना सारखीच औषधं वर्षभर देऊन काही पेशंट सॅनिटोरियममध्ये ठेवले, काही घरीच, दाटीवाटीच्या वस्तीत, बेताच्या जेवणावर. गुण जवळपास सारखाच आला. घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरी ठेवल्यामुळे वाढलं नाही. यातला पहिला निकाल छापून आला १९५९ साली. म्हणजे मी उताणा पडून पानं मोजत होतो तेव्हा ते सिद्ध होऊन नऊ वर्षं झाली होती! हवेवरचा आपला विश्वास काही लगेच जात नाही म्हणा. मी अजूनही खिडकी उघडी टाकून झोपतो आणि बायको अजूनही ती रात्री उठून लावते.

पण घरी ठेवलं असतं का मला? आजीनं माझं ताट-वाटी आधीच वेगळी केली होती. ताईचं लग्न बघत होते. गल्लीत सांगितलं होतं, 'मामाकडे गेलाय शिकायला.' मी परत आलो तेव्हा मामाच्या गावची शाळा कशी होती हे मला पढवलं गेलं, आणि ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मी ते बिनचूक सांगितलं. त्या घरी तिचं लग्न झालं.

नातवाचा ताप उतरल्यावर ताईला फोन केला. बोलता बोलता म्हटलं, पाचगणीवर काहीतरी लिहावंसं वाटतंय.

ती जरा थांबली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, 'लिही की. फक्त ह्यांच्या वाचनात येऊ देऊ नकोस. ह्यांना अजून सांगितलेलं नाही मी.'