मॉरिसचे 1,613 यार्ड, की ग्रिफिनचे?

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. 2012 मध्ये वॉशिंग्टनचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, अल्फ्रेड मॉरिस याने पहिल्याच मोसमात 335 वेळा चेंडू घेऊन 1,613 यार्ड आणि 13 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) काढले. ते त्याचे स्वतःचे, की क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा खेळाडू, आणि स्वतःही पळू शकणाऱ्या रॉबर्ट ग्रिफिनच्या धाकामुळे आयते मिळालेले? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: धाक खरा होता, पण त्या धाकाने मोकळी झालेली वाट दिसायलाही नजर असावी लागते.

मॉरिस हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सहाव्या फेरीत, 173 व्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू. 40 यार्डांना 4.6 सेकंदांहून जास्त वेळ घेणारा, म्हणजे या जागेसाठी मंदच. त्याच ड्राफ्टमध्ये ग्रिफिन दुसरा निवडला गेला होता. प्रशिक्षक माइक शानाहान यांना मात्र नुसत्या वेगापेक्षा एकदाच वळून सरळ सुटणारा गडी प्यारा. डेन्व्हरला असताना टेरेल डेव्हिसही त्यांना सहाव्या फेरीतच मिळाला होता.

त्यांच्या चालीचं नाव आउटसाइड झोन. पुढच्या रांगेत वाट मोकळी करणारे पाचही लाइनमन पहिलं पाऊल एकाच बाजूला टाकतात, समजा उजवीकडे. सगळी भिंतच तिरकी सरकते आणि तिच्याबरोबर बचावफळीही. बॅक शेवटच्या ब्लॉकरच्या (बचावपटूंना अडवणाऱ्या साथीदाराच्या) बाहेरच्या खांद्यावर नेम धरून निघतो आणि कडेच्या बचावपटूवर नजर ठेवतो. तो आत अडकला तर बाहेरून वळसा. तो बाहेर ताणला गेला तर त्याच्या आतून. आणि सगळेच उजवीकडे वाहवत गेले तर मागे, उलट्या दिशेला. पाय एकदाच रोवायचा, दुसऱ्यांदा नाही.

नवखे फसतात ते इथे. फट दिसल्याबरोबर वळतात, तेव्हा लाइनबॅकर (पहिल्या रांगेच्या मागे उभा बचावपटू) अजून वाहवलेला नसतो. तो समोर उभाच सापडतो. किंवा रेषेपाशी पोचून नाचतात, तेवढ्यात मागचा माणूस येऊन धरतो. मॉरिस दोन पावलं जास्त थांबायचा, मग खांदे सरळ करून घुसायचा. त्याची त्या मोसमातली सर्वांत लांब धाव 39 यार्डांची. म्हणजे दोन-चार अजस्र धावांनी फुगलेली सरासरी नव्हती ती, 4.8 यार्ड हे चार-पाच-सहाच्या हप्त्यांनी जमलेले होते.

आता ग्रिफिनचा वाटा. वॉशिंग्टन पिस्तूल रचना वापरायचं: क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनच्या) चारेक यार्ड मागे आणि बॅक त्याच्याही मागे. चाल ज्या बाजूला जाते तिच्या उलट कडेचा बचावपटू मुद्दाम मोकळा सोडायचा. ग्रिफिन चेंडू मॉरिसच्या पोटाशी धरून त्या मोकळ्या बचावपटूकडे पाहायचा. तो आत धावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळायचा. तो थबकला तर मॉरिसकडे सोडायचा. थबकलेला माणूस मागून पकडायला येऊ शकत नाही. म्हणजे एकही ब्लॉकर खर्च न करता एक बचावपटू बाद, आणि मॉरिसची मागची वाट उघडी. हे आयतं मिळालेलंच, नाकारण्यात अर्थ नाही.

पण 16 डिसेंबरला क्लीव्हलंडविरुद्ध गुडघ्यामुळे ग्रिफिन खेळला नाही, तरी मॉरिसने 87 यार्ड आणि दोन टचडाउन काढलेच. 30 डिसेंबरला डॅलसविरुद्ध गटविजेतेपद पणाला लागलं होतं. ग्रिफिन गुडघ्याला ब्रेस लावून खेळत होता. मॉरिस: 33 धावा, 200 यार्ड, तीन टचडाउन. डॅलसचे शॉन ली आणि ब्रूस कार्टर हे दोन्ही मुख्य लाइनबॅकर जायबंदी होते, हेही हिशेबात धरा. जिथे लाइनबॅकरची चूक वाचायची असते तिथे बदली खेळाडू जास्तच वाहवतात. 3-6 वर (तीन विजय, सहा पराभव) अडकलेल्या वॉशिंग्टनने ओळीने सात सामने जिंकून 10-6 वर मोसम संपवला. मॉरिसने क्लिंटन पोर्टिसचा एका मोसमातला 1,516 यार्डांचा संघविक्रमही मोडला.

पुढच्या वर्षी, 2013 मध्ये, ग्रिफिन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आधीसारखा धावत नव्हता, संघही कोसळला. मॉरिसची सरासरी 4.8 वरून 4.6 वर आली, बस. ग्रिफिनची किंमत काढायचीच असेल तर ती साधारण या फरकाएवढी.

त्याची खरी उणीव वेगळीच होती, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही: अख्ख्या पहिल्या मोसमात झेल फक्त 11. पासची वेळ आली की बहुतेकदा तो बाहेर बसायचा, आणि तो मैदानात दिसला की धाव येणार हा बचावफळीचा अंदाज सहसा बरोबर ठरायचा.