चोकची तार गरम का होत होती

गुहागरला आमच्या आगराच्या कडेला जुना गोठा आहे. त्यात आता गुरे नाहीत. १९९७ सालची, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवर चालणारी एक छोटी लाल गाडी तिथे उभी असते. आम्ही पुण्याला राहतो, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्या तीन वेळाच ती खऱ्या अर्थाने रस्त्याला लागते. एरवी दर रविवारी काका तिला दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवतात आणि पुन्हा ताडपत्री ओढतात. समुद्र घरापासून इतका जवळ आहे की भरतीच्या वेळी गाज माजघरात ऐकू येते, आणि जिथवर गाज पोहोचते तिथवर खारा वाराही पोहोचतो, हे त्या गाडीच्या पत्र्याकडे पाहून कोणालाही कळेल.

तीन वर्षांत या गाडीसाठी मी दोन बॅटऱ्या घेतल्या. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही, चौघांनी धक्का मारला की मात्र इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, असे दर खेपेचे चित्र होते. ज्याला विचारावे तो ‘बॅटरी गेली’ एवढेच सांगायचा, आणि तेच सर्वांत सोपे उत्तर असल्यामुळे मीही ते मानत आलो. या मे महिन्यात तिसरी बॅटरी घेण्याची पाळी आली, तेव्हा दुकानात जाण्याआधी साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन गोठ्यात बसायचे मी ठरवले.

रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी काढून दोन-तीन तास तशीच राहू दिली आणि मग मोजली. चार्जर काढताच मोजले तर आकडा फसवा, वाजवीपेक्षा जास्त येतो. १२ व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी आणि ११.९ च्या खाली म्हणजे रिकामीच म्हणायची. माझी १२.६ होती. तरीही किल्ली फिरवताच पुन्हा ‘टक्’.

मग काकांना किल्ली फिरवायला सांगून मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या खुंट्यांवरच धरल्या. बॅटरी खरोखर निकामी असती, तर सेल्फवर भार पडताच आकडा ९ च्या खाली कोसळला असता. तो ११.८ वर ठाम राहिला. म्हणजे बॅटरीत माल होता, पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नव्हता. इथे मला पहिल्यांदा आधीच्या दोन बॅटऱ्यांचा पुळका आला.

त्याच वेळी काका सहज म्हणाले, “अरे, हल्ली ती चोकची तार चटका देते हाताला. मला वाटले इंजिनच्या उष्णतेने असेल.” थंड इंजिन सुरू करताना जो चोक ओढतात, त्याची ही तार गाडीच्या आतून इंजिनपर्यंत जाते. पण इंजिन तर आदल्या दिवसापासून थंड होते. मी बॉनेटखाली हात घालून पाहिला आणि तार खरोखरच कोमट लागली.

हे का घडते ते समजून घेतले की पुढची निम्मी शोधाशोध वाचते. गाडीत प्रत्येक दिव्याला आणि मोटरला दोन वायरी नसतात. बॅटरीच्या धन टोकाकडून प्रवाह वायरीने जातो आणि परतीची वाट म्हणून पत्र्याचा सांगाडा वापरला जातो. वायरमन त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते पत्र्याला जोडण्यासाठी तांब्याच्या बारीक तारांची वेणीसारखी विणलेली एक पट्टी दिलेली असते. ही पट्टी कामातून गेली की सेल्फचा सगळा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनापासून पत्र्याच्या बाजूला जाणाऱ्या धातूच्या गोष्टी म्हणजे चोकची, ॲक्सिलरेटरची आणि क्लचची तार. त्या बिचाऱ्यांचे ते काम नव्हे. त्या तापतात, आणि फार वेळ किल्ली धरून ठेवली तर त्यांचे वेष्टण वितळूही शकते.

खात्री करण्यासाठी एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशावर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. काकांनी किल्ली फिरवली आणि मीटरने ४.५ व्होल्ट दाखवले. निरोगी गाडीत हा आकडा ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. धन बाजू तशीच मोजली, ती ठीक निघाली. म्हणजे ११.८ मधले साडेचार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम सात येत होते.

आधीच्या वर्षी हीच पट्टी मी ओहमच्या, म्हणजे रोध मोजायच्या, खुणेवर मीटर ठेवून तपासली होती आणि ‘जोड आहे’ म्हणून सोडून दिली होती. ती माझी चूक होती. वाटेत ०.०६ ओहम एवढा रोध असला आणि त्यातून ७५ अँपिअर जाऊ पाहत असले तरी साडेचार व्होल्ट तिथेच गळतात, पण ०.०६ ओहम साध्या मीटरला दिसतच नाहीत, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून अधिक असतो. वेणीतल्या दोन तारा शाबूत असल्या तरी मीटर सर्व काही आलबेल असल्याचे सांगतो. म्हणून जाड वायरींची तपासणी भार असतानाच करावी, हे मी आता पक्के धरले आहे.

पट्टी सोडवली तेव्हा ती हातात चुरगळली. बाहेरून नुसती काळपट दिसणारी ती वेणी आत हिरव्या भुकटीने भरली होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. इथे ताकाचे काम खाऱ्या हवेने केले होते. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे ऊन पडले तरी त्या बारीक तारांमधली ओल हटत नाही, आणि तार जितकी बारीक तितकी ती लवकर खाल्ली जाते. नवी पट्टी लावताना दोन्हीकडचा पत्रा आणि धातू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. काकांनी पूर्वी भक्तिभावाने जोडाच्या आतच ग्रीस थापले होते. ग्रीसमधून वीज जात नाही, त्यामुळे ते जितके जाड तितके वाईट. आता तोच आकडा ०.१५ येतो, सेल्फ तडफेने फिरतो आणि चोकची तार थंड असते.

बॅटरी आठवड्यात का उतरते, हा प्रश्न मात्र अजून उरला होता. बॅटरीची ऋण वायर काढून मीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून मध्ये जोडला. असा मीटर जोडलेला असताना किल्ली मुळीच फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. किल्ली काढलेली, दारे बंद, तरी ०.१८ अँपिअर वाहत होते. संगणक नसलेल्या इतक्या जुन्या गाडीत हा आकडा जवळपास शून्य हवा. आठवड्याच्या १६८ तासांनी गुणले की ३० अँपिअर-आवर होतात, आणि माझी बॅटरी ३५ ची. काकांच्या रविवारच्या दहा मिनिटांत, इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोने (म्हणजे अल्टरनेटरने) जागेवर १० अँपिअर दिले असे धरले तरी, दोनसुद्धा परत मिळत नाहीत. काकांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते थोडे खट्टू झाले.

एकेक फ्यूज काढून पाहिला. आकडा हलला नाही. म्हणजे गळती फ्यूजच्या अलीकडे होती, आणि तिथे सेल्फ आणि डायनॅमो एवढेच उरतात. बॅटरी पूर्ण सोडवून डायनॅमोची जाड वायर काढली, तिचे टोक टेपने गुंडाळले, मीटर पुन्हा जोडला आणि ०.१८ चे ०.०० झाले. डायनॅमोतल्या ज्या डायोडांनी प्रवाह फक्त बॅटरीकडे जाऊ द्यायचा, त्यांतला एक उलटीकडूनही वाट देत होता. बॅटरी भरण्यासाठी नेमलेलाच ती पीत होता. कुंपणानेच शेत खाल्ले. शृंगारतळीच्या एका वायरमनने अर्ध्या दिवसात डायोडची प्लेट बदलून दिली.

मागचे दिवे त्यामानाने किरकोळ निघाले. ब्रेक दाबला की इंडिकेटर फिका पडायचा आणि इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालात हलायचा, तेव्हा मागे सामाईक अर्थ गेला असणार हे आता सांगावे लागले नाही. डिकीतला एक गंजका स्क्रू घासला आणि दोन्ही तक्रारी मिटल्या.

बॅटरीच्या ऋण टोकाला आता हाताने फिरवायचा कटऑफ स्विच बसवला आहे. ऋण टोक निवडण्याचे, आणि बॅटरी काढतानाही तेच आधी सोडवण्याचे कारण एकच: धन टोकाचा बोल्ट सोडवताना पाना पत्र्याला लागला आणि ऋण जोडलेले असले, तर तिथल्या तिथे ठिणग्या उडतात, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. रविवारी नुसती चालू ठेवण्याऐवजी काका आता महिन्यातून दोनदा वेळणेश्वरपर्यंत जाऊन येतात. वायपर अजूनही काचेच्या मध्यावरच थांबतो. ते काम गणपतीत.