तुम्ही विचारलंत म्हणून : सायकलच्या आरशात काय दिसायला हवं?

“काकू, हा आरसा नेमका कुठे लावायचा असतो?” राजेंद्र नगरात दुकानासमोर सायकल उभी केली की कोणी ना कोणी हे विचारतंच. ‘हँडलला, उजवीकडे’ एवढं ऐकून बहुतेक जण निघून जातात. ते चूक नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, मागचा उजवीकडून पुढे काढतो, म्हणून आरसा उजवीकडे. (इंदुरात डावीकडूनही काढतात, पण त्याला आरसा तरी काय करणार!) खरी गोम पुढे आहे. आरसा लागला, पण त्यात दिसतंय काय?

पुष्कळांच्या सायकलवर आरसा पाहिला की लगेच कळतं, हा सायकल स्टँडवर असताना, शेजारी उभं राहून लावलाय. उभं राहून त्यात मागचा रस्ता झकास दिसतो. सीटवर बसलं की दिसतं ते आपलं ढोपर, नाहीतर आभाळ. म्हणून घरातल्या कोणाला तरी कॅरिअर धरायला सांगा आणि सीटवर बसा. पाय पेडलवर, हात नेहमी असतात तिथेच, पाठ नेहमी वाकते तेवढीच वाकलेली. मान जवळजवळ न हलवता नुसते डोळे खाली आणले की आरसा सापडला पाहिजे. वरच्या तिसऱ्या हिश्शात आभाळ आणि झाडं, बाकी सगळा रस्ता. आतल्या कडेला आपल्या दंडाची बारीक पट्टी दिसू द्या. ही पट्टी काही जण मुद्दाम घालवतात, जागा वाया जाते म्हणून. मला ती हवीच असते. ती दिसली नाही तर मागून येणारी स्कूटी माझ्या थेट मागे आहे की एक हात बाजूने येतेय, याचा अंदाजच लागत नाही.

आरसा फिरवताना बोट जपून लावा. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट त्यातलं दृश्य सरकतं. एक अंश फिरवलात की नजर दोन अंश सरकली, आणि 30 मीटर मागे हे दोन अंश म्हणजे साधारण एक मीटर. एवढ्यात माणूस चिरडला जातो किंवा वाचतो. हँडल वळलं की तेच होतं : सायकल थोडी वळते, आरशातला रस्ता भलतीकडेच जातो आणि कोणाच्या तरी घराची फाटकं दिसू लागतात. म्हणून बघायचं ते सरळ चालताना, वळायच्या आधी.

आता कुठल्या हँडलला कसा, ते थोडक्यात. सरळ दांड्याचं हँडल असेल तर त्याच्या टोकात बसणारा आरसा मला सगळ्यात पटतो. ग्रिपचं बंद टोक ब्लेडने गोल कापायचं, आतला पोकळ पाइप मोकळा होतो. आरशाच्या दांडीला रबराचा बूच असतो, तो पाइपात सारून स्क्रू पिळला की बूच आतल्या आत फुगून घट्ट बसतो. दांडी आखूड, त्यामुळे थरथर कमी. मात्र जुन्या काळ्या सायकलींचं हँडल मागे, आपल्याकडे वळलेलं असतं. तिथे टोकात आरसा लावला तर त्यात पदर किंवा मांडीच भरून राहते. त्या सायकलला ब्रेकजवळ क्लॅम्प लावून उभ्या दांडीचा घ्यावा, पण दांडी होईल तितकी आखूड. स्कूटरसारखी लांब दांडी रुबाबदार दिसते, आणि सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर आरशात एका बसच्या तीन बसा होतात. हेल्मेटला लावायचे चिमुकले आरसेही मिळतात. ते घेताना एवढंच पाहा, की तो उजव्या बाजूला लागतो ना. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेले डावीकडे लागतात.

काच सपाट की फुगीर, हेही विचारतात. सपाट काचेत अंतर खरं दिसतं, पण रस्ता चिंचोळा. फुगीर काचेत सगळा रस्ता मावतो, पण गाड्या लहान आणि लांब वाटतात. मी फुगीर वापरते, पण तिचं म्हणणं खरं धरत नाही. हिशोब करून बघा : तुम्ही ताशी 20 किलोमीटरने चाललाय, बस 50 ने येतेय, आणि ती 50 मीटर मागे आहे. सहा सेकंदांत ती तुमच्यापाशी. तिकडे आरशात मात्र ती अजून खेळण्यातल्या बसएवढीच असते.

म्हणून आरशाचा ‘नको’ ऐकायचा, ‘चल’ ऐकायचा नाही. त्यात गाडी दिसली तर वळू नका. दिसली नाही, तरी खांद्यावरून एकदा मागे बघा, मग हात दाखवा. आरशाची कड संपते आणि डोळ्याचा कोपरा सुरू होतो, त्यांच्या मध्ये एक फट राहते. अख्खी मोटरसायकल त्यात मावते. पूर्वी ही फट कान भरून काढायचे. टेम्पो तर गल्लीच्या तोंडाशी असला तरी कळायचा. आता ई-रिक्षा आणि बॅटरीच्या स्कूटी अगदी कोपराला लागेपर्यंत चाहूल देत नाहीत. “इतकी वर्षं बिनआरशाची चालवलीत ना?” असं कोणी म्हटलं तर माझं उत्तर हेच.

सकाळी राऊकडे, महूच्या दिशेने निघालात तर सूर्य पाठीशी असतो आणि थेट आरशात उतरतो. तेव्हा आरसा किंचित खाली झुकवावा, आभाळ गेलं तरी चालेल. खजुरी बाजारात किंवा शीतलामाता बाजारात शिरताना तो आत वळवून घ्या, नाहीतर कोणाच्या तरी पिशवीचा बंद त्यात अडकतो आणि मग बाई आपल्यालाच चार शब्द सुनावते.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. आरसा एकदा मनासारखा बसला की दांडीच्या सांध्यावर दोन्ही भागांवर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. येताजाता लोक त्यात भांग पाडतात, आणि पंक्चरवाला सायकल उलटी करतो तेव्हा पहिला फटका आरशालाच बसतो. घ्यायला गेलात की ठिपक्याला ठिपका जुळवा, स्क्रू आवळा आणि निघा.